अंथरुणापासून मैदानापर्यंत

केम हे गाव साऱ्या महाराष्ट्राला कुंकवामुळे ठाऊक आहे. पण करमाळा तालुक्याच्या या कोरडवाहू मुलखात आणखी एका गोष्टीला मोठा मान आहे, आणि ती म्हणजे कमावलेले शरीर. यात्रेच्या फडात नारळावरची कुस्ती मारणाऱ्या पोराला गाव खांद्यावर घेते. पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला मुलगा पुढे मोटेच्या थारोळ्यावरून उडी घेऊ लागला, की त्याच्या बापाची मान ताठ होते. आणि मग एखादे दिवशी त्याच पोराचा गुडघा निकामी होतो, झाडावरून पडून कणा दुखावतो, किंवा लांबलेले दुखणे त्याला पोखरून टाकते. ओसरीवर बाज पडते. घरचे म्हणतात, "आता जपून राहा." वर्ष उलटल्यावर गाव म्हणते, "पोराची ईर्षाच गेली."

ही गेलेली ईर्षा परत कशी येते, हा आजचा प्रश्न आहे. आपला सर्वसाधारण समज असा, की मन आधी खंबीर करावे, म्हणजे शरीर त्याच्या मागोमाग येते. म्हणून आपण आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याला धीराच्या गोष्टी सांगतो. इतिहास मात्र बहुधा उलटा क्रम दाखवतो. शरीराला आधी उघड्या हवेत, पाण्यात, डोंगरावर, मैदानावर जमेल तेवढे काम मिळते. आणि ईर्षा त्याच्या पाठोपाठ, बिनबोलावता येते.

पहिला दाखला आपल्या घरचाच घेऊ. बाळ गंगाधर टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा त्यांची प्रकृती यथातथाच होती. त्यांनी कॉलेजातले पहिले वर्ष पुस्तकांपेक्षा तालमीला आणि पोहण्याला अधिक दिले. परीक्षेचे नुकसान झाले, ते त्यांनी पत्करले. पुढे 1897 साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना 18 महिन्यांची शिक्षा झाली. सप्टेंबर 1898 मध्ये ते सुटले तेव्हा तुरुंगाने त्यांची प्रकृती पार खालावली होती. त्या वेळी त्यांनी प्रकृती सुधारण्यासाठी सिंहगडाचा आश्रय घेतला. गडावरची हवा, तिथले पाणी आणि चढउतारीचे चालणे हेच तिथले औषध. लोकमान्यांना मनाच्या खंबीरपणाचा उपदेश करण्याची गरज होती, असे कोणी म्हणणार नाही. तरीही त्यांनी शरीराचे काम शरीराकडूनच करून घेतले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कोणी म्हणेल, की अशक्तपणा वेगळा आणि कायमचे पंगुत्व वेगळे. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून आता अधिक कठीण प्रकरणाकडे वळू.

पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा झाली, की त्याखालचे अंग लुळे पडते. पहिल्या महायुद्धात असे जखमी झालेले बहुतेक सैनिक फार काळ जगले नाहीत. त्यांना मारले ते मूळच्या जखमेने नव्हे. मारले ते अंथरुणाने. एका कुशीवर पडून राहिल्याने कातडी कुजे, वेदना कळत नसल्यामुळे जखम खोल जाई, आणि मूत्रमार्गात विष भिने. वैद्यक हात टेकून बसले होते. हे चित्र बदलण्याचे मोठे श्रेय लुडविग गुटमान या डॉक्टरांना आहे. ते जर्मनीतले ज्यू. हिटलरच्या छळामुळे 1939 साली त्यांनी इंग्लंड गाठले. फेब्रुवारी 1944 मध्ये स्टोक मँडेविल येथे कण्याच्या रुग्णांसाठी विभाग सुरू झाला, तो त्यांच्या हाती आला. त्यांनी पहिला नियम घातला तो अगदी साधा: दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, रुग्णाची कूस बदलायची. दुसरा नियम मात्र त्या काळी अनेकांना वेडेपणाचा वाटला. रुग्णाला अंथरुणातून काढून खेळायला लावायचे! 29 जुलै 1948 रोजी लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले, त्याच दिवशी या रुग्णालयाच्या हिरवळीवर 16 माजी सैनिकांनी चाकाच्या खुर्चीत बसून तिरंदाजी केली. त्यांत 2 स्त्रिया होत्या. त्या लहानशा स्पर्धेतूनच पुढे 1960 साली रोमला आंतरराष्ट्रीय सामने भरले. आज आपण त्यांना पॅरालिंपिक म्हणतो.

या विचाराचे फळ महाराष्ट्राच्या पदरात पडले ते मुरलीकांत पेटकर यांच्या रूपाने. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा मुलगा लहानपणापासून खेळाचा वेडा. सैन्यात तो इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स या दलात गेला आणि तिथे बॉक्सर म्हणून नावारूपाला आला. मुठीच्या बळावर जग जिंकावे, अशी त्याची उमेद. 1965 च्या युद्धात सियालकोट आघाडीवर शत्रूच्या गोळ्यांनी त्याचे शरीर चाळण झाले. एक गोळी कण्याजवळ रुतून राहिली आणि कमरेखालचे अंग गेले. बॉक्सरला मुठीइतकेच पायही लागतात. म्हणजे ज्या दाराने हा तरुण खेळात शिरला होता, ते दार कायमचे बंद झाले.

मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात त्यांच्यावर दीर्घकाळ उपचार झाले. तिथे त्यांना पोहायला सांगण्यात आले ते पदकासाठी नव्हे, उपचार म्हणून. पाण्याचा हा गुण आपल्या विहिरीत पोहलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: पाणी अंगाचा भार आपल्यावर घेते. जमिनीवर जे पाय ओझे होतात, ते पाण्यात नुसते मागे तरंगतात, आणि खांदे व दंड आपले काम करू शकतात. जमिनीवर परावलंबी असलेला माणूस पाण्यात चार हात का होईना, आपल्या बळावर पुढे सरकतो. चार हातांचे आठ हात झाले, की त्याला दहाव्या हाताची हाव सुटते. ईर्षा म्हणतात ती हीच.

आणि पेटकर एका पाण्यावर थांबले नाहीत. गोळाफेक, भालाफेक, थाळीफेक, तिरंदाजी, टेबलटेनिस, जे जे बसून करता येईल ते त्यांनी करून पाहिले. 1968 साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबलटेनिस खेळले. 1972 साली हे सामने जर्मनीतील हायडेलबर्गला झाले. तिथे पेटकरांनी 50 मीटर मुक्तशैलीचे अंतर 37.33 सेकंदांत कापून जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळवले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले, ते कांस्य होते. पॅरालिंपिकमधले भारताचे पहिले सुवर्ण पेटकरांचे. एक कऱ्हाडचा, दुसरा शेजारच्या इस्लामपूरचा. पण पहिल्याचे नाव पोराटोरांच्या तोंडी, आणि दुसऱ्याला पद्मश्री मिळायला 2018 साल उजाडावे लागले! अर्जुन पुरस्कार तर त्यांच्या हाती आला तो जानेवारी 2025 मध्ये. समाजाची दृष्टी बाजेवरून उठायला किती वेळ लागतो, याचे हे माप समजावे.

मुंबईच्या राजाराम घाग यांनी हाच धागा खुल्या समुद्रापर्यंत नेला. बालपणी पोलिओने त्यांचे पाय अधू केले, तरी 1988 साली त्यांनी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधली खाडी पोहून पार केली. ते पाणी थंडगार, प्रवाह अवखळ, आणि धडधाकट पोहणारेही तिथून अर्ध्यावर परत फिरतात. तलावाच्या भिंतीत शिकलेले बळ त्या लाटांवर पारखले गेले.

मात्र इथे एक इशारा दिला पाहिजे, नाही तर हे व्याख्यान नुसत्या फुशारकीचे होईल. प्रत्येकाला पूर्वीचे मैदान परत मिळत नाही. मेजर हरिपालसिंग अहलुवालिया 29 मे 1965 रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे होते. त्याच वर्षीच्या युद्धात मानेत गोळी लागली आणि त्यांना चाकाची खुर्ची धरावी लागली. ते शिखर त्यांना पुन्हा चढता आले नाही. त्यांनी दिल्लीत कण्याच्या रुग्णांसाठी मोठे रुग्णालय उभे केले. गुटमान यांच्या पद्धतीतही खेळाच्या आधी कूस बदलणे होते, हे विसरू नये. कातडी तपासणे, लघवीचा मार्ग स्वच्छ राखणे, दुखऱ्या सांध्याला विश्रांती देणे, डॉक्टर सांगतील तेवढेच करणे, ही कामे कंटाळवाणी खरी. पण मैदानाची वाट त्यांच्यातूनच जाते. दुखणे अंगावर काढून फडात उतरणे ही मर्दुमकी नव्हे. तो अडाणीपणा होय.

तेव्हा केमच्या मंडळींना माझे मागणे थोडके आहे. तुमच्या ओसरीवर असा कोणी पडला असेल, तर त्याला धीराचे शब्द कमी द्या आणि त्याची बाज अंगणात काढा. पुढल्या आठवड्यात त्याला शिवारात न्या. तो पूर्वी काय करीत होता हे विचारू नका. आज त्याचे कोणते अंग काम देते, ते पाहा आणि त्या अंगाला काम शोधा. पैलवानाने नेमबाज व्हावे, धावणाऱ्याने पोहावे, यात कमीपणा काय आहे? तुमच्याच विहिरीवर पोरे पोहायला शिकतात, तेव्हा पाठीला भोपळा बांधला म्हणून त्यांना कोणी हसत नाही. मग कुबडी घेऊन बांधावर आलेल्याला, चाकाच्या खुर्चीत बसून भाला फेकणाऱ्याला आपण का हसावे? भोपळा सुटतो की जन्मभर राहतो, हा प्रश्न पुढचा. आधी त्याला पाण्यात तर उतरू द्या.