देहाचे माप आणि क्ष-किरणांची मात्रा

क्ष-किरणचित्रणाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या क्रमाने सांगितला जातो. परंतु यंत्रापुढे येणारा देह किती जाड आणि किती रुंद आहे, या प्रश्नाचे प्रत्येक पिढीने काय उत्तर दिले हे पाहिले, म्हणजे याच इतिहासाची रुग्णाच्या दृष्टीने अधिक मोलाची बाजू समोर येते. व्हिल्हेल्म राँटगेन यांनी २२ डिसेंबर १८९५ रोजी पत्नीच्या हाताचे जे प्रसिद्ध चित्र घेतले, ते हाताची जाडी मोजक्या सेंटिमीटरांची असल्यामुळे त्या काळच्या दुबळ्या नळीलाही साधले. पोट आणि कंबर यांची चित्रे मात्र पुढे कित्येक वर्षे अंधूकच येत राहिली. शरीराच्या मऊ ऊतींमधून जाताना साधारणपणे दर ४ सेंटिमीटरांमागे किरण निम्मे होतात, त्यामुळे २० सेंटिमीटर जाडीच्या पोटातून सुमारे ३२ वा हिस्सा पलीकडे पोहोचतो, तर ३२ सेंटिमीटर जाडीच्या पोटातून जेमतेम २५६ वा.

जाड देहात किरण केवळ शोषले जात नाहीत, तर ते वाटेल त्या दिशेला विखुरतात आणि चित्रावर करडे धुके पसरवतात. यावर गुस्टाव्ह बकी यांनी १९१३ मध्ये शिशाच्या पट्ट्यांची जाळी सुचवली, आणि तिच्या पट्ट्यांची सावली चित्रावर उमटू नये म्हणून शिकागोच्या हॉलिस पॉटर यांनी पुढे ती चित्रणाच्या वेळी सरकती ठेवली. विखुरलेल्या किरणांबरोबर उपयोगी किरणांचाही काही भाग ही जाळी अडवत असल्याने प्रारण वाढवावे लागे; म्हणजेच स्पष्ट चित्राची किंमत रुग्णाला अधिक मात्रेच्या रूपाने मोजावी लागे. ही किंमत आवाक्यात राहावी म्हणून तंत्रज्ञ कॅलिपरने रुग्णाची जाडी मोजत, भिंतीवरील तक्त्यात त्या सेंटिमीटरांपुढची ओळ पाहत आणि दर सेंटिमीटरमागे नळीचा दाब सुमारे दोन किलोव्होल्टने वाढवत. १९४० च्या दशकात रसेल मॉर्गन यांनी विकसित केलेला प्रकाशविद्युत समयमापक देहापलीकडे पुरेसे किरण पोहोचताच नळी बंद करू लागला, आणि जाडीचा हिशेब माणसाकडून यंत्राकडे गेला.

गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनरने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले, तेव्हा हा प्रश्न वेगळ्याच रीतीने बाजूला सारला गेला. रुग्णाचे डोके रबरी टोपीत घालून पाण्याच्या पेटीत बसवले जाई, त्यामुळे कोणत्याही दिशेने निघालेल्या किरणाला सारख्याच जाडीतून जावे लागे आणि लहानमोठ्या डोक्यांतला फरक पाणी भरून काढी. पुढे सीटी संपूर्ण शरीरासाठी वापरात आली आणि पाणी गेले, पण सर्व देह एकाच मापाचे मानण्याची सवय मात्र मात्रामापनात शिल्लक राहिली. या मापनासाठी अ‍ॅक्रिलिकचे दोन भरीव दंडगोल प्रमाण ठरले: डोक्यासाठी १६ आणि धडासाठी ३२ सेंटिमीटर व्यासाचा. त्यांच्या मध्यभागी आणि कडेला ठेवलेल्या छिद्रांत १०० मिलिमीटर लांबीचा आयनीभवन कक्ष, म्हणजे प्रारण मोजणारी नळी, सरकवून जो निर्देशांक काढला जाई, तोच पडद्यावर दिसे. पडद्यावरचा आकडा दंडगोलाचा होता, टेबलावरच्या रुग्णाचा नव्हता.

याचा सर्वांत मोठा भार मुलांवर पडला. २००१ च्या फेब्रुवारीत एका अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांनी दाखवले, की अनेक ठिकाणी मुलांच्या तपासणीसाठी प्रौढांचीच मांडणी तशीच वापरली जात होती. डेव्हिड ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी तर अमेरिकेत दरवर्षी डोक्याची वा पोटाची सीटी होणाऱ्या सुमारे ६ लाख मुलांपैकी ५०० च्या आसपास मुलांना पुढे त्या प्रारणामुळे होणाऱ्या कर्करोगाने मृत्यू येऊ शकेल, असा अंदाज मांडला. अंदाज ढोबळ होता, तरी त्याने व्यवसायाला हलवले. २००८ मध्ये मुलांच्या चित्रणातील मात्रा कमी करण्यासाठी 'इमेज जेंटली' मोहीम सुरू झाली, आणि २०११ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने अहवाल क्र. २०४ मधून आकारसापेक्ष मात्रेची पद्धत दिली. तीत देहाची पुढून-मागची जाडी आणि आडवी रुंदी यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ हा परिणामी व्यास धरून पडद्यावरच्या आकड्याला गुणक लावला जातो. ३२ सेंटिमीटरच्या दंडगोलावर आधारलेला आकडा १० मिलिग्रे, म्हणजे ऊतीत शोषलेल्या ऊर्जेचे माप, असेल, तर १२ सेंटिमीटर व्यासाच्या बालकाच्या देहात ते सुमारे २४ भरते आणि ४५ सेंटिमीटरच्या प्रौढात सुमारे ७.

स्थूल देहाची अडचण याच्या उलट आहे: पुरेसे किरण पलीकडे न पोहोचल्याने चित्र दाणेदार होते, आणि ते सुधारण्यासाठी देहाच्या जाडीनुसार नळीचा प्रवाह आपोआप कमीजास्त करणारी आधुनिक यंत्रे मात्रा चढवत नेतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील अहवालांच्या अभ्यासात, देहाच्या आकारमानामुळे तपासणी अपुरी राहिल्याची नोंद असलेल्या अहवालांचे प्रमाण १९८९ मधील ०.१० टक्क्यांवरून २००३ मध्ये ०.१९ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. बालकाला गरजेपेक्षा अधिक प्रारण मिळणे आणि स्थूल रुग्णाचे निदान अपुरे राहणे, हे दोन्ही अन्याय सरासरी देह गृहीत धरल्याने घडतात. म्हणून कॅलिपर हाती घेऊन आधी रुग्ण मोजणाऱ्या जुन्या तंत्रज्ञांची शिस्त कालबाह्य ठरत नाही. मात्रेचा कोणताही आकडा रुग्णाच्या मापाशी जोडून वाचला, तरच तो त्या रुग्णाविषयी काही खरे सांगतो.