छत्रीधारी सैनिक : पुंगलीच्या पुलावरील विजय

भारतीय भूदलाच्या पॅराशूट रेजिमेंटमधील छत्रीधारी सैनिकांच्या परंपरेचा आरंभ दुसऱ्या महायुद्धात झाला. ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्ली येथे ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडची स्थापना झाली. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशाक येथे या ब्रिगेडने जपानी सैन्याला अनेक दिवस रोखून धरले. त्यामुळे कोहिमाच्या संरक्षणासाठी बहुमोल अवधी मिळाला.

स्वातंत्र्यानंतर १५ एप्रिल १९५२ रोजी पंजाब, मराठा आणि कुमाऊँ रेजिमेंटच्या प्रत्येकी एका बटालियनमधून आजची पॅराशूट रेजिमेंट आकारास आली. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन तेव्हापासून ‘२ पॅरा (मराठा)’ या नावाने ओळखली जाऊ लागली. इटलीतील लढाईत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे.

या दलात स्वेच्छेने येणाऱ्यांनाच स्थान मिळते. खडतर परिवीक्षेनंतर आग्रा येथे विमानातून पाच उड्या पूर्ण केल्यावर सैनिकास छातीवर पंखांचे चिन्ह लावता येते. ‘शत्रुजीत’ हे रेजिमेंटचे ब्रीद, तर किरमिजी टोपी ही तिची ओळख आहे.

मात्र विमानातून उडी घेणे हे केवळ रणांगणावर पोहोचण्याचे साधन होय. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. अवजड शस्त्रे आणि रसद मर्यादित असल्याने, जमिनीवरून येणारी कुमक वेळेत न पोहोचल्यास या सैनिकांचा निभाव लागणे कठीण असते. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधील आर्नेम येथे हेच घडले. नऊ दिवसांच्या लढाईनंतर सुमारे १०,००० सैनिकांपैकी एक चतुर्थांशही परतू शकले नाहीत.

११ डिसेंबर १९७१ रोजी हीच जोखीम २ पॅराने पत्करली. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ७०० सैनिक तत्कालीन पूर्व पाकिस्तानातील टांगाइलजवळ दुपारी उतरले. जमालपूर आणि मैमनसिंगकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट अडविण्यासाठी पुंगलीचा पूल ताब्यात घेणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. त्याच सायंकाळी पूल हाती आला. रात्रीचे प्रतिहल्लेही परतवून लावण्यात आले. मुक्तिवाहिनी आणि स्थानिक ग्रामस्थांचे साहाय्य या वेळी मोलाचे ठरले.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी जमालपूर जिंकून आलेली पहिली मराठा लाइट इन्फंट्री बटालियन पुंगलीला पोहोचली. एकाच मराठा परंपरेतील दोन पलटणींची ही भेट होती. एक आकाशमार्गे आली होती, तर दुसरी लढत लढत जमिनीवरून. १६ डिसेंबरच्या सकाळी २ पॅरा ही ढाक्यात प्रवेश करणारी पहिली भारतीय पलटण ठरली. पन्नू यांना महावीरचक्राने गौरविण्यात आले.

पुढे या बटालियनचे रूपांतर विशेष दलात झाले. तिच्या इतिहासात टांगाइलच्या उडीइतकेच पुंगलीच्या पुलावर काढलेल्या त्या रात्रीला मोल आहे, कारण छत्रीधारी सैनिकाचा खरा अभिमान कुमक येईपर्यंत पाय रोवून उभे राहण्यात आहे.