जबलपूरच्या खेळाच्या फायनलला भारतीय पोचायला १३८ वर्षं लागली

आज क्रिकेट नाही, स्नूकर. आपल्या तालुक्याच्या गावांत स्नूकर म्हटलं की स्टँडमागचा धुराने भरलेला हॉल आणि "पोरगं वाया गेलं" हे वाक्य, एवढंच आठवतं. म्हणून हा जुना हिशेब मांडतोय.

हा खेळ साहेबाने विलायतेहून आणलेला नाही, तो इथेच जन्मला. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवले आणि नवा डाव बसवला. (पुढे पंतप्रधान झाला तो चेंबरलेन वेगळा.) 'स्नूकर' म्हणजे लष्करी शाळेतला नवखा, कच्चा पोरगा. नियम पक्के झाले उटीच्या क्लबात.

पण मेस साहेबांची, क्लब साहेबांचा. साहेब गेले तरी टेबलं जिमखान्यातच राहिली. बारा बाय सहा फुटांचं ते धूड सामान्य घरात मावणार कुठे? तरीही हौशी खेळाडूंत आपण कमी नव्हतो. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, ओम अगरवाल १९८४ साली हौशी स्नूकरचे. व्यावसायिक स्नूकर मात्र ब्रिटनमध्येच बसलेलं. पात्रता फेऱ्या बहुतेक तिकडेच. म्हणजे व्हिसा, भाडं, जेवण, सगळं खिशातून करायचं आणि पहिल्याच फेरीत हरलात तर बहुतेकदा रिकाम्या हाताने परत. आपल्याकडे किती आईबाप या खात्यावर पैसे लावतील, सांगा.

मुंबईच्या आदित्य मेहताने ते धाडस केलं. २००८ च्या हंगामात तो पहिल्यांदा व्यावसायिक टूरवर गेला, पण टिकला नाही. २०१२ साली आशियाई विजेता झाला आणि त्याच वर्षी पुन्हा टूरवर आला. २०१३ च्या उन्हाळ्यात कोलंबियात कालीच्या वर्ल्ड गेम्समध्ये सुवर्ण मिळवलं. मग ऑक्टोबरात दिल्लीत इंडियन ओपन भरली. भारतातली ही पहिलीच रँकिंग स्पर्धा. पठ्ठ्याने पीटर एब्डन आणि मार्क विल्यम्स हे दोन माजी जगज्जेते गारद केले. सेमीफायनलमध्ये स्टीफन मॅग्वायरला ४-३ असं हरवलं. रँकिंग स्पर्धेच्या फायनलला पोचलेला पहिला भारतीय! फायनलला चीनच्या डिंग जुनहुईने ५-० असं धुतलं, हेही लिहायला हवं.

त्याच महिन्यात १० तारखेला सचिनने निवृत्ती जाहीर केली होती. पुढे काही दिवस क्रीडा पानावर दुसऱ्या कुणाला उभं राहायला जागा नव्हती. सचिनवर माझंही प्रेम आहे, पण दिल्लीतल्या त्या फायनलला आठ कॉलमचा मथळा मिळायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

२०१४ साली जर्मनीत पॉल हंटर क्लासिकमध्ये मेहताने १४७ चा ब्रेक केला. पंधरा लाल, प्रत्येकामागे काळा, मग सगळे रंग, मध्ये एकही चूक नाही. व्यावसायिक स्पर्धेत हे करणारा तो पहिला भारतीय. समोर कोण? पुन्हा मॅग्वायरच! बिचारा.

पुढचा भाग कमी चमकदार. मान-खांद्याचं दुखणं बळावलं. या खेळात तासन् तास टेबलावर वाकून नेम धरायचा असतो, तिथे मानेने दगा दिला की उरतं काय? २०१६ मध्ये टूरवरची जागा गेली. इंडियन ओपनही मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम असं फिरत २०१९ साली कोचीला झाली आणि मग थांबली.

त्याच २०१९ मध्ये मेहताने इंदूरला पंकज अडवाणीला हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. सप्टेंबरात हे दोघे जोडीने म्यानमारला गेले आणि जागतिक सांघिक सुवर्ण घेऊन आले. आपल्या गावातल्या त्या हॉलमध्ये जाऊन विचारा, किती जणांना हे माहीत आहे. मला उत्तर कॉमेंटमध्ये कळवा.