पासिंग, जुन्या ट्रकचे

पासिंग, जुन्या ट्रकचे : वापरातला मालट्रक रस्त्यावर चालवण्याजोगा सुरक्षित आहे की नाही, याची परिवहन खात्यामार्फत ठरावीक मुदतीने होणारी तपासणी. कागदोपत्री तिचे नाव ‘योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण’. ट्रान्सपोर्टनगरात, गॅरेजात आणि आरटीओच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तिला ‘पासिंग’ किंवा ‘फिटनेस’ म्हणतात. पासिंग हा शब्द मराठीत तीन कामे करतो. ‘एमएच बारा पासिंगची गाडी’ म्हणजे पुण्यात नोंदलेली गाडी, ‘नऊ टन पासिंग’ म्हणजे कायद्याने नऊ टन माल भरण्याची मुभा, आणि ‘गाडी पासिंगला लावली’ म्हणजे तपासणीला नेली. प्रस्तुत नोंद या तिसऱ्या अर्थाची आहे.

तपासणीचा आधार मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५६ हा आहे. योग्यता प्रमाणपत्र नसलेले परिवहन वाहन वैधपणे नोंदलेले मानले जात नाही, असे हे कलम सांगते. आरसी खिशात असली, विमा आणि कर भरलेला असला, तरी फिटनेसची तारीख उलटलेला ट्रक कायद्याच्या नजरेत बिननोंदणीचा ठरतो. रस्त्यावर परिवहन खात्याच्या वायुवेग पथकाने अडवले तर दंड होतोच. अपघात झाल्यास विमा कंपनी याच तारखेवर बोट ठेवते. प्रमाणपत्राची मुदत केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ६२ ने ठरते. नव्या ट्रकला पहिली दोन वर्षे तपासणी नसते. त्यानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी ती करावी लागते. २०१८ च्या दुरुस्तीपूर्वी पहिली दोन वर्षे सरली की सगळ्यांनाच दरवर्षी यावे लागे. प्रमाणपत्र नमुना ३८ मध्ये मिळते आणि मुदतीत देशभर चालते.

ट्रक ‘जुना’ कधी झाला, याचे उत्तर मात्र एक नाही. महाराष्ट्राचा पर्यावरण कर परिवहन वाहनाला आठ वर्षांनंतर लागू होतो. नॅशनल परमिट साध्या मालट्रकला बारा वर्षांपर्यंत आणि मल्टिअ‍ॅक्सलला पंधरा वर्षांपर्यंतच मिळते. पंधरा वर्षांवरील अवजड मालवाहनाचे तपासणी शुल्क १ एप्रिल २०२२ पासून एकदम १२,५०० रुपयांवर गेले. मुदत चुकल्यास दिवसाला ५० रुपये ज्यादा भरावे लागतात. तपासणी स्वतः वय विचारत नाही, गाडीची स्थिती विचारते. वयाचा हिशेब शुल्क, कर आणि परमिट यांतून होतो. बारा वर्षांनी नॅशनल परमिटवरून उतरलेला ट्रक बहुधा तालुक्याच्या गावी विकला जातो आणि पुढचे आयुष्य वाळू, खडी, विटा, नाहीतर साखर कारखान्याचा ऊस वाहण्यात काढतो. मूळ मालकाने कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सांभाळलेली गाडी तिथून पुढे झाडाखालच्या गॅरेजवर येते. पासिंगची खरी कसोटी इथे सुरू होते.

पहिली अडचण लोखंडाची नसून कागदाची असते. पीयूसी, विमा, कर, पर्यावरण कर, प्रलंबित ई-चलने आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नंतर बसवावी लागणारी उच्च सुरक्षा नंबरप्लेट, यांपैकी एकही बाब अडली तर निरीक्षक गाडीपर्यंत पोहोचत नाही. त्यानंतर येतो चासी नंबर. चासीच्या लांब पट्टीवर ठोकलेला हा नंबर पंधरा-वीस पावसाळ्यांनंतर गंज आणि रंगाच्या थरांखाली बुजतो. पॉलिश कागदाने तो हलक्या हाताने घासायचा, त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवायची आणि उमटलेला ठसा अर्जाला जोडायचा, ही जुनी रीत. घाईने ग्राइंडर लावणारे आकडेच उडवून बसतात. मग परवानगी काढून नंबर पुन्हा ठोकून घेण्याची वेगळी यातायात सुरू होते.

अनेक गाड्या अडतात त्या ब्रेकवर, आणि ते योग्यही आहे. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेचे असतात. कॉम्प्रेसर हवा भरतो, ती टाक्यांत साठते आणि पायाखालच्या व्हॉल्व्हमधून चाकांकडे जाते. जुन्या गाडीत रबरी पाइप आणि डायाफ्राम कडक होऊन हवा गळते. घरच्या घरी करता येणारी चाचणी सोपी आहे : हवेच्या दाबाचा काटा पूर्ण चढू द्यावा, इंजिन बंद करावे, ब्रेक दाबून धरावा आणि काटा खाली सरकतो का ते पाहावे, गळती कानालाही ऐकू येते. टाकीच्या तळाचे पाणी रोज सोडायचे असते. ते न सोडणारा चालक टाकी आतून गंजवतो. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर मेकॅनिक बहुधा अ‍ॅडजस्टरला पाना लावून मोकळा होतो. पण कारण अनेकदा हबच्या सीलमध्ये असते. सील फुटून ग्रीस किंवा तेल लायनरवर गेले की ते चाक धरत नाही आणि गाडी दुसऱ्या बाजूला खेचली जाते. अशा वेळी अ‍ॅडजस्टर कितीही आवळला तरी उपयोग नाही. ड्रम उघडून सील बदलावे आणि लायनर दोन्ही बाजूंचे एकदम टाकावेत. एकाच बाजूला नवा लायनर टाकून केलेली बचत चाचणीच्या ट्रॅकवर उघडी पडते.

या ट्रॅकचाही इतिहास आहे. अनेक कार्यालयांत ब्रेकची परीक्षा आवारातच, काही ठिकाणी सार्वजनिक रस्त्यावर, उरकली जात असे. मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या जनहित याचिकेनंतर २५० मीटर लांबीचा चाचणी ट्रॅक बंधनकारक झाला. १ नोव्हेंबर २०१७ पासून असा ट्रॅक नसलेल्या कार्यालयांचे योग्यता प्रमाणपत्रांचे काम थांबले आणि त्यांच्या गाड्या शेजारच्या कार्यालयांत जाऊ लागल्या. पुण्याच्या गाड्या घाट चढून सासवड रस्त्यावरच्या दिवे येथील ट्रॅकवर जातात. कमजोर ब्रेकची गाडी घाटातून पासिंगला न्यायची, यातला विनोद चालकांच्या नजरेतून सुटलेला नाही.

स्टिअरिंगमधली मोकळीक हा दुसरा मोठा दोष. चक्र थोडे फिरवूनही चाक हलत नसेल, तर दोष बॉक्समध्ये, टायरॉडच्या एंडमध्ये किंवा किंगपिनमध्ये असतो. तो शोधण्याचा मार्ग एकच : पुढचा आस जॅकवर घ्यावा, चाक वरखाली धरून हलवावे आणि दुसऱ्याने खालून कोणता सांधा खेळतो ते पाहावे. हे न करता बॉक्सचा स्क्रू आवळला तर मोकळीक लपते, पण चक्र जड होते आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. अनुभवी निरीक्षक एका वळणात हे ओळखतो. किंगपिन आणि बुश बदलणे एका दिवसाचे काम आहे. ते टाळण्यासाठी लोक तीन वर्षे स्क्रू आवळत राहतात.

दिव्यांबाबत बिघाड क्षुल्लक असतात आणि नेमके त्यांनीच गाडी परत पाठवली जाते. उजवा इंडिकेटर दिला की टेललाइटही मिणमिणते, ब्रेक दाबला की दोन्ही बाजू अर्धवट पेटतात, ही लक्षणे बल्बची नसून अर्थिंगची आहेत. मागच्या दिव्याचा परतीचा प्रवाह गंजलेल्या हौद्यातून रस्ता शोधत राहतो. दिव्याच्या बुडापासून चासीपर्यंत एक स्वतंत्र वायर टाकली की प्रश्न मिटतो. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये, वायपर चालावा, आरसे शाबूत असावेत, प्रेशर हॉर्न नसावा. पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल परावर्तक पट्टी हवी. रात्री रस्त्याकडेला बंद पडलेला ट्रक मागून येणाऱ्याला दिसतो तो या पट्टीमुळे, म्हणून ती हलक्या प्रतीची घेण्यात शहाणपण नाही. मोटारसायकल किंवा कार ट्रकच्या पोटाखाली घुसू नये यासाठी मागे आणि बाजूंना लावायचे लोखंडी अडसरही पाहिले जातात. वाळूच्या गाड्यांत ते वाकलेले असतात, नाहीतर काढून हौद्यात टाकलेले असतात. माल जास्त मावावा म्हणून फाळके वाढवले असतील तर तेही उतरवावे लागतात.

धुराचे मोजमाप पीयूसीच्या यंत्रावर होते. इंजिन गरम करून, गिअर न टाकता अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबायचा आणि धुराची अपारदर्शकता वाचायची, अशी ही रीत. भारत स्टेज चारपूर्वीच्या डिझेल गाडीला ६५ हार्ट्रिज युनिट आणि स्टेज चारच्या गाडीला ५० युनिट ही मर्यादा आहे. धुराचा रंग दुखणे सांगतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त : एअर फिल्टर तुंबलेला, नोझल झिजलेले किंवा भार ओढण्यासाठी पंप वाढवलेला. निळा धूर म्हणजे रिंगांवरून वर येऊन जळणारे ऑइल; तो फिल्टर बदलून जात नाही. पासिंगपूर्वी पंप ‘कमी करून’ घ्यायचा आणि प्रमाणपत्र हाती पडले की पुन्हा वाढवायचा, हा प्रकार सर्रास चालतो. टायरचेही तेच. ट्रकच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असा नियम आहे. गुळगुळीत टायरांची गाडी मित्राच्या गाडीची चाके लावून ट्रॅकवर येते आणि संध्याकाळी आपल्या मूळ चाकांवर परतते. पासिंगची ही सर्वांत मोठी उणीव आहे : वर्षातल्या एका दिवसाचा ट्रक तपासला जातो, उरलेल्या ३६४ दिवसांचा नाही.

शेवटी रंग. पेंटर केबिनच्या बाजूला मालकाचे नाव, रिकाम्या गाडीचे वजन, भरलेल्या गाडीचे वजन आणि टायरचा आकार लिहितो. नव्या रंगाच्या गाडीकडे निरीक्षक सौम्य नजरेने पाहतो, अशी मालकांची श्रद्धा आहे. खंडेनवमीच्या आसपास मुदत संपत असेल तर पूजेचा आणि पासिंगचा रंग एकाच खर्चात होतो. मागच्या फाळक्यावरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ मात्र महाराष्ट्रात २०१५ पासून चालत नाही. विनाकारण हॉर्न वाजवण्यास ते प्रोत्साहन देते, असे शासनाचे म्हणणे होते. तरी ते अजून दिसते.

या सर्व गोष्टी आजवर मोटार वाहन निरीक्षकाच्या डोळ्यांवर, कानांवर आणि सचोटीवर अवलंबून होत्या. एका सकाळी डझनावारी गाड्या पाहणारा माणूस प्रत्येकीच्या खाली वाकेल, ही अपेक्षा अवास्तव होती आणि मधल्या मोकळ्या जागेत एजंटाचा धंदा उभा राहिला. अधिनियमाच्या २०१९ मधील दुरुस्तीने तपासणी स्वयंचलित चाचणी केंद्राकडे नेण्याची तरतूद केली. अवजड वाहनांसाठी आधी १ एप्रिल २०२३ ही तारीख होती, ती १ ऑक्टोबर २०२४ वर ढकलली गेली. अशा केंद्रात चाके रोलरवर ठेवून प्रत्येक चाकाचे ब्रेकबळ मोजले जाते. त्यामुळे डाव्या-उजव्या चाकांतला फरक लपवता येत नाही. पुढची चाके बाजूला किती घसरतात, सांधे किती खेळतात, दिव्याचा झोत कुठे पडतो, हेही यंत्र सांगते. महाराष्ट्रात नाशिकचे तपासणी व प्रमाणीकरण केंद्र या पद्धतीचा आरंभीचा नमुना होय. यंत्र चहापाणी घेत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण पाट्याच्या कंसाजवळ चासीला गेलेला आणि वेल्डिंगखाली दडवलेला तडा रोलरला कळत नाही. तिथे अजून माणसालाच टॉर्च घेऊन खाली सरपटावे लागते.

 

नापास झालेला ट्रक दुरुस्त करून फेरतपासणीला आणता येतो. केंद्राचा निकाल चुकीचा वाटल्यास अपिलाचीही सोय आहे. फेरतपासणीतही टिकला नाही, तर नव्या नियमांनुसार तो आयुष्य संपलेले वाहन ठरतो. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या स्क्रॅपिंग धोरणाखाली असा ट्रक नोंदणीकृत केंद्रात जमा केल्यास मालकाला ठेव प्रमाणपत्र मिळते. ते दाखवून नव्या मालवाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. पंधरा वर्षांवरील गाडीची ब्रेक, किंगपिन, पंप आणि टायर अशी चारही कामे एकाच वर्षी निघाली असतील, तर मालकाने वर्कशॉपच्या बिलाआधी हा हिशेब मांडावा. जमा झालेल्या ट्रकचे इंजिन, आस आणि हौदा वेगळे होऊन भंगारात जातात. ज्याच्यावर वर्षानुवर्षे पेन्सिल फिरली, तो चासी नंबरचा तुकडा मात्र कापून केंद्राला जपून ठेवावा लागतो.