वर्षभराचें ग्रंथव्रत



वणी तालुक्यांतील राजूर हें कोळशाच्या खाणीचें आणि चुन्याच्या भट्ट्यांचें गांव. दिवसभराचें काम आटोपून घरीं परतलेल्या तेथील एखाद्या गृहस्थानें निश्चय केला, कीं येत्या वर्षांत आपले प्राचीन ग्रंथ वाचावयाचेच, तर त्यास खरी अडचण पडते ती वेळेची आणि चिकाटीची. पाडव्यास उघडलेला ग्रंथ आषाढ लागण्यापूर्वीं फडताळांत जातो, हा अनुभव शहरांतील सुशिक्षित घरांनाही परका नाहीं. असा संकल्प तडीस नेणाऱ्या एका तरुणाची हकीकत आज सांगावयाची आहे. हा तरुण पुढें शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत येऊन राहिला आणि तिकडचाच झाला. त्याचें नांव विनायक नरहरि भावे, म्हणजेच विनोबा.

१९१६ च्या जून महिन्यांत विनोबा गांधीजींच्या अहमदाबाद येथील आश्रमांत दाखल झाले. पुढील वर्षीं प्रकृति बिघडली. संस्कृत ग्रंथ गुरुमुखानें शिकावे ही ओढ तर पूर्वींपासूनच होती. त्यांनीं आश्रमांतून एक वर्षाची रजा घेतली आणि ते वाईस गेले. तेथें प्राज्ञपाठशाळेंत नारायणशास्त्री मराठे वेदान्त शिकवीत असत. हेच शास्त्रीबोवा पुढें संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले. विनोबांचें वय त्या वेळीं एकवीस वर्षांचें होतें.

वर्ष संपत आलें तेव्हां, १९१८ च्या आरंभीं, त्यांनीं गांधीजींना एक लांबलचक पत्र लिहून आपल्या वर्षाचा हिशेब दिला. त्यांत एक बारीक भेद आहे, तो लक्षांत घेण्याजोगा आहे. उपनिषदें, गीता, शांकरभाष्यासहित ब्रह्मसूत्रें, मनुस्मृति आणि पातंजल योगदर्शन यांचा आपण अभ्यास केला, असें ते म्हणतात. न्यायसूत्रें, वैशेषिक सूत्रें आणि याज्ञवल्क्यस्मृति हे ग्रंथ मात्र नुसते वाचले, असें निराळें सांगतात. वाचलेल्या ग्रंथाला अभ्यासाच्या यादींत बसविण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो येथें दिसत नाहीं. यापुढें आपले आपण वाचतां येईल, एवढी तयारी झाल्याचें समाधानही त्यांत व्यक्त झालें आहे.

परंतु केवळ ग्रंथांची नांवें सांगून हा हिशेब संपत नाहीं. त्याच वर्षांत त्यांनीं सहा विद्यार्थ्यांना गीता, चौघांना ज्ञानेश्वरीचे सहा अध्याय आणि दोघांना नऊ उपनिषदें शिकविलीं, तींही एक पैसा न घेतां. वाचनालयास पुस्तकें हवीं होतीं; तेव्हां विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन लोकांचें धान्य जात्यावर दळून दिलें आणि त्या मजुरीचा पैसा पुस्तकांकडे लाविला. प्रकृति सुधारण्यासाठीं चालण्याचा व्यायाम चालूच होता. सुमारें ४०० मैल पायीं हिंडून त्यांनीं रायगड, सिंहगडासारखे किल्लेही पाहिले. सकाळीं घेतलेला पाठ संध्याकाळीं दुसऱ्यास समजावून द्यावयाचा असला, म्हणजे तो कच्चा ठेवून चालत नाहीं. वर्षाची मुदत पाळली गेली याचें एक कारण मला यांत दिसतें. ठरल्या मुदतीस ते आश्रमांत परत आले. पत्र वाचून गांधीजींनीं गोरखानें मच्छिंद्रास जिंकल्याचे उद्गार काढले, ते प्रसिद्धच आहेत.

येथें कोणी विचारील, कीं संस्कृत जाणणाऱ्या एका माणसाच्या अध्ययनाचा इतरांस काय उपयोग? हाच प्रश्न विनोबांच्या घरांतही निघाला होता. त्यांच्या आईस, रुक्मिणीबाईंस, संस्कृत गीता कळत नसे, आणि मिळालेलें मराठी भाषांतरही अवघड वाटे. तूंच कां करीत नाहींस, असें त्या माउलीनें मुलास म्हटलें होतें. १९१८ सालींच ती निवर्तली. मुलानें ‘गीताई’ रचली ती १९३० आणि १९३१ या सालांत, वर्ध्यास. ती छापून निघाली १९३२ मध्यें. जिनें मागितली, तिच्या हातीं ती पडली नाहीं. त्याच १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारीं एक याप्रमाणें, गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनें झालीं. श्रोते होते कैदी, आणि तीं लिहून घेतलीं साने गुरुजींनीं. वाईच्या एका वर्षांत सांठविलेलें धन असें चौदा वर्षांनीं मराठी घरांत पोंचलें.

आपल्या गृहस्थास रजाही नाहीं आणि शास्त्रीबोवाही नाहींत. तथापि ज्ञानेश्वरीच्या ओंव्या सुमारें ९,००० आहेत. रोज पंचवीस वाचल्या, तर वर्षांत ग्रंथ पुरा होतो. पंचवीस ओंव्यांस अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागूं नये. त्या मोठ्यानें वाचाव्या, म्हणजे चुलीपाशीं बसलेल्या माणसांच्याही कानीं पडतील. जी ओंवी उमगली नाहीं तिच्यापुढें खूण करावी. आणि पुढल्या पाडव्यास, किती नुसतें वाचलें आणि किती समजलें, याचा हिशेब घरांतील एखाद्या वडील माणसाला द्यावा. ज्या घरांत अशी एखादी आई ऐकत बसलेली असेल, तेथें हा हिशेब तिलाच द्यावा, आणि तो तिच्या हयातींत द्यावा.