ग्लासगो येथील परिचर्या-सेविकांचा संप (२०१८)

गिरणीतील यंत्र थांबले की पहिले नुकसान मालकाचे होते. परंतु ज्या कामगाराच्या हाती वृद्धाचे जेवण, औषध व अंथरूण असते, त्याने काम थांबविल्यास पहिली झळ त्या वृद्धास लागते. ग्लासगो शहरात २३ व २४ ऑक्टोबर २०१८ रोजी झालेल्या संपाचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. त्या दोन दिवसांत नगर-परिषदेचे आठ हजारांहून अधिक कर्मचारी कामावर गेले नाहीत. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. शाळांतील स्वयंपाक व सफाईचे काम करणाऱ्या स्त्रियांबरोबरच घरोघर जाऊन वृद्धांची व अपंगांची परिचर्या करणाऱ्या सेविकाही त्यांत होत्या.

संपाचे मूळ २००६-०७ मधील नव्या वेतनश्रेणीत होते. स्त्रीपुरुषांच्या वेतनातील विषमता दूर व्हावी, हा त्या श्रेणीचा उद्देश. परंतु पुरुषांचे प्राबल्य असलेल्या कामांचे जुने बोनस आणखी तीन वर्षे संरक्षित राहिले, आणि काही लाभ आठवड्याच्या ३७ तासांच्या कामाशी जोडले गेले. सेविकांचे काम सकाळ, दुपार व रात्र असे तुकड्यातुकड्यांनी चाले. त्यांतील अनेकींचे तास तेवढे भरत नसत. नियम सर्वांस सारखा होता, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल. दावे दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळले. २०१७ साली स्कॉटलंडच्या सेशन न्यायालयाने परिषदेविरुद्ध निर्णय दिले. त्याच वर्षी मजूर पक्षाची सत्ता जाऊन स्कॉटिश नॅशनल पक्षाकडे परिषदेचा कारभार आला, व २०१८ च्या आरंभी वाटाघाटींचा मार्ग स्वीकारण्यात आला. तथापि महिने लोटले तरी रकमेचा आकडा पुढे येईना. न्यायालयात जिंकलेल्या पक्षास संप करावा लागला, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय.

आता घराच्या आतील बाजू. जेथे जीवितास धोका असेल तेथे सेवा चालू ठेवावी, हे तत्त्व संघटनांस मान्य होते. ती व्यवस्था पुरेशी आहे की नाही, यावर मात्र परिषदेशी वाद झाला. संप अनावश्यक असून त्याचा भार दुर्बलांवर पडेल, असे परिषदेचे म्हणणे. ते सर्वस्वी खोटे नव्हते. अंथरुणातून उठविणे, अंग पुसणे, कपडे घालणे, वेळेवर गोळ्या देणे ही कामे पुढे ढकलता येत नाहीत. ज्यांची मुलगी वा सून जवळ राहत होती त्यांचे निभावले असेल. एकट्या वृद्धास तो आधार नव्हता. म्हणजे वेतन घेणाऱ्या स्त्रीचे काम दोन दिवस बहुधा विनावेतन स्त्रीच्याच अंगावर गेले. परंतु याच कारणाने परिषदेचा युक्तिवाद तिच्यावरच उलटतो : जे काम दोन दिवसही थांबू शकत नाही, ते वेतनश्रेणीत इतके खाली का, याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते.

कचरा उचलणाऱ्या पुरुष कामगारांनी पिकेटिंग ओलांडण्यास नकार दिला. ब्रिटिश कायद्यात सहानुभूतीच्या संपास संरक्षण नाही, हे लक्षात घेता त्याचे मोल अधिक आहे.

या संपाची तुलना याच शहरातील १९१५ च्या भाडेबंदीशी करण्याचा मोह होतो. मेरी बार्बर यांच्या नेतृत्वाखाली गव्हन भागातील स्त्रियांनी वाढीव भाडे नाकारले व घर रिकामे करविण्यास आलेल्या अंमलदारांस दारातच अडविले. डिसेंबर १९१५ च्या कायद्याने भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठविली गेली. बार्बर यांच्या पुतळ्याचे अनावरण मार्च २०१८ मध्ये, म्हणजे संपापूर्वी काही महिनेच, झाले होते. परंतु साम्य अपुरे आहे. १९१५ साली घरात राहणारी व लढणारी स्त्री एकच होती. २०१८ साली एक दाराच्या आत होती, दुसरी बाहेर, आणि आतलीचे हाल हेच बाहेरचीचे शस्त्र होते. ते चालविताना सेविकांस संकोच वाटला असणार. मुदत अठ्ठेचाळीस तासांचीच ठेवण्यामागे तो संकोचही असावा.

जानेवारी २०१९ मध्ये तडजोड झाली. पन्नास कोटी पौंडांहून अधिक रकमेची तजवीज करण्यासाठी परिषदेस आपल्या काही मोठ्या इमारती विकून त्याच पुन्हा भाडेपट्ट्याने घ्याव्या लागल्या. दावा करणाऱ्यांपैकी काही स्त्रिया तोवर निवर्तल्या होत्या.