गोवळकोंड्याचे थर

तारनाक्याहून निघून सारे शहर ओलांडले, म्हणजे पश्चिमेस गोवळकोंड्याची टेकडी लागते. मराठी वाचकास हा किल्ला आठवतो तो शिवाजी महाराजांच्या १६७७ मधील कुतुबशाही भेटीमुळे. वस्तुतः ती भेट किल्ल्यात नव्हे, तर भागानगर म्हणजे हैदराबाद शहरात झाली. किल्ल्याचा स्वतःचा इतिहास त्याहून पुष्कळ जुना असून तो थराथरांनीच वाचला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

सर्वांत खालचा थर काकतीयांचा. 'गोल्ला' म्हणजे गुराखी आणि 'कोंडा' म्हणजे टेकडी. वारंगळच्या अमलात येथे मातीचा कोट होता, असे परंपरा सांगते. चौदाव्या शतकात हे ठाणे बहमनींकडे गेले. ती सत्ता खिळखिळी झाल्यावर १५१८ च्या सुमारास सुलतान कुलीने येथे कुतुबशाहीचा पाया घातला. त्याने व त्याच्या वारसांनी मातीच्या जागी दगडी तट उभारला. १५९१ मध्ये मुहम्मद कुलीने मुसीच्या दक्षिण तीरी हैदराबाद वसविले, तरी संकटकाळचा आसरा गोवळकोंडाच राहिला.

१६५६ मध्ये शाहजादा औरंगजेबाने वेढा घातला. तटाबाहेरची एक टेकडी शत्रूच्या तोफांना सोयीची आहे, हे तेव्हा ध्यानी आले व पुढे तीही तटबंदीत घेण्यात आली. हाच 'नया किल्ला'. १६८७ चा वेढा सुमारे आठ महिने चालला. अखेर तटाने नव्हे, तर माणसाने दगा दिला. फितुरीने दार उघडले आणि अबुल हसन तानाशाह कैद होऊन दौलताबादेस गेला. यादवांची देवगिरी शेवटच्या कुतुबशहाचा तुरुंग ठरली!

ग्रीसमधील करिंथच्या डोंगरी कोटावरही ग्रीक, बायझंटाइन, फ्रँक, व्हेनिशियन व तुर्क यांचे असेच थर चढले आहेत. त्यांतील एकच आपला मानून बाकीचे परके ठरविले, तर कोटाचा अर्थच हरपतो. महाराजांच्या कर्नाटक मोहिमेस द्रव्य व तोफखान्याचे साह्य याच कुतुबशाहीने दिले आणि त्या सख्यामागे मादण्णा हा हिंदू मंत्री होता, हे विसरून कसे चालेल?

म्हणून अध्यापकांनी विद्यार्थ्यांना फत्ते दरवाज्यातील टाळीचा नाद ऐकवून परत फिरू नये. त्यांना नव्या व जुन्या तटाच्या सांध्यापाशी उभे करावे. तट का वाढविला, हा प्रश्न तेथे आपोआप सुचतो. आणि इतिहासाचे अध्ययन अशा प्रश्नापासूनच सुरू होते.